दादाच्या नावाची नळी

सुलतानपूर,
रविवार, दि. २६ फेब्रुवारी १९८४

चि. सिंधू हिस,
दादाचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तूही मुंबईत बरी असशील आणि वेळेवर जेवत असशील असं धरून चालतो, कारण ते तू पत्रात कधीच लिहीत नाहीस. गहू सोंगायला आला आहे. धाकटा सहदेव दिवसभर वावरात असतो आणि रात्री येऊन माझ्याच ताटातली भाकर उचलतो. तो आता दोन लेकरांचा बाप आहे, पण ती सवय काही गेली नाही.

आधी भांडण करून घेतो, मग कामाचं लिहितो. रक्ताबिक्ताचं पुन्हा कधी पोस्टकार्डावर लिहू नको. आपला पुंजाजी पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो, मग पाराजवळ चार जणांना सांगतो आणि शेवटी ज्याचं त्याला देतो. मी शाळेतून घरी येईपर्यंत गावाला कळलं होतं की मास्तरच्या बहिणीला पुन्हा रक्त पाहिजे. एकाने तर मला रस्त्यात अडवून विचारलं, काऊन मास्तर, बाई तिकडे रक्त विकतात का? मी म्हटलं हाव, आणि तुझ्यासारख्याचं स्वस्तात जाते. तेव्हा कुठे त्याने वाट सोडली. अंतर्देशीय मिळत नाही का मुंबईत?

भांडण झालं. आता माझा गोंधळ.

दिवाळीच्या सुट्टीत तू आलीस, ओसरीवर सगळ्यांना बसवलंस आणि घरातल्या-गल्लीतल्या बारा धडधाकट माणसांचं रक्त घेतलंस. आजारी माणसाचं रक्त ओळखायचं तर आधी निरोगी माणसाचं कसं असतं ते पाहावं लागतं, असं तू सांगितलंस. तिथपर्यंत मला समजलं. पुढचं तू जे सांगितलंस ते मी माझ्या मनात असं बसवलं आहे, चुकत असेल तर दुरुस्त कर. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्यात वेगवेगळी कुळं, पण दिसायला साऱ्या सारख्या. मात्र प्रत्येक कुळाच्या अंगावर आपापल्या खुणा असतात, त्यांना तू रिसेप्टर म्हणालीस, आणि बाहेर काय चाललं आहे ते पेशीला या खुणांवाटेच कळतं. परदेशातून येणारी तुझी ती मोनोक्लोनल अँटीबॉडी अशी असते की तिला त्यांतली फक्त एकच खूण ओळखू येते, दुसरी नाही.

हे ऐकून सहदेवने तोंड वाकडं केलं होतं. तेव्हा तू म्हणालीस की संध्याकाळी गुरं गावात शिरतात आणि दावणीचं वासरू शंभर गाईंमधून बरोबर आपल्याच मायपाशी जातं, तसं हे. त्या वासराच्या गळ्यात तुम्ही हिरवा चमकणारा रंग बांधता, म्हणजे अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की ते कोणत्या गाईपाशी उभं आहे ते दिसतं. सहदेवला हे एका झटक्यात पटलं. मला पटायला आठ दिवस लागले, पण मग मी ते चौथीच्या वर्गातही सांगून टाकलं. एका पोराने विचारलं, गुरुजी, वासरू चुकून दुसऱ्याच गाईपाशी गेलं तर? मी त्याला खाली बसवलं, कारण उत्तर मला येत नव्हतं.

तुझ्या वहिनीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट राहिली, की ती वस्तू उंदराच्या पेशींपासून करतात. चांगुणाचं म्हणणं, ह्यांच्या रक्तात तुम्ही उंदीर कालवला. मी किती सांगितलं की ते नळीत कालवतात, अंगात नाही. ती ऐकायला तयार नाही. दिवाळीपासून मी जरा लवकर थकतो, शाळेतून आलो की पडावंसं वाटतं, तर तिचा निकाल तयार आहे की ते त्या सुईमुळेच. पन्नाशी जवळ आली आहे असं मी म्हणतो. मफलरही अजून सुटलेला नाही, सकाळी गार असतं ना. पोरांनी माझं नाव मफलर गुरुजी पाडलं आहे.

तर माझा प्रश्न असा. बारा जणांतून तू आता तिघांचंच रक्त पुन्हा मागतेस, माझं, तुझ्या वहिनीचं आणि सहदेवचं. का ते विचारलं तर कार्डावर एकच ओळ, ‘सहज, पुन्हा एकदा पाहायचं आहे.’ सिंधू, सहज म्हणून कोणी सुलतानपूरचं रक्त मुंबईला नेत नाही. काही सांडलं का? नळ्या फुटल्या का? आमच्या रक्तात काही वेगळं निघालं असेल आणि तुझ्या शोधाला त्याचा उपयोग होणार असेल तर आनंदच आहे, घराण्याचं नाव होईल. पण काही चुकलं असेल तर सरळ सांग. तू लहानपणी काही फोडलं की असंच ‘सहज’ म्हणायचीस.

सोय अशी लावली आहे. दिवाळीत तुझ्या हाताखाली सुई धरणारे आपले महादेवराव, दवाखान्यातले जुने कंपाउंडर, बुधवारी सात तारखेला लेकीकडे कल्याणला निघणार आहेत. सकाळी येऊन तिघांच्या नळ्या भरतील, पट्टीवर नावं लिहितील आणि स्वतःच तुझ्या हातात देतील. बर्फात ठेवायच्या नाहीत, गारठ्याने पेशी बिघडतात, हेही मी त्यांना बजावलं आहे. त्यांना ते पटलेलं नाही, पण ऐकतील.

बुधवारी मी घरीच आहे. हात तयार ठेवतो.

जेवत जा.

तुझा दादा,
दयाराम


सुलतानपूर,
रविवार, दि. २५ मार्च १९८४

चि. सिंधू हिस,
सप्रेम जयभीम.

गहू घरात आला. यंदा दाणा चांगला भरला आहे, तुझ्यासाठी एक पोतं वेगळं काढून ठेवलं आहे. तुझ्या भाचीची मॅट्रिकची परीक्षा सुरू आहे, गणिताचा पेपर तिच्या मते बरा गेला आणि माझ्या मते तिने तो मला नीट दाखवला नाही. ऊन कडक पडू लागलं आहे. विहिरीचं पाणी अजून टिकून आहे.

तुझं पाकीट मागच्या शनिवारी मिळालं. उत्तराला आठवडा लावला त्याबद्दल रागावू नको. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा गव्हापर्यंत येऊन उठलो.

पाकीट मी शाळेत न फोडता घरी आणलं आणि ओसरीवर बसून सगळ्यांसमोर वाचलं. अर्ध्यावर आल्यावर उरलेलं मनात वाचलं. तू लिहिलंस की दिवाळीच्या बारा नळ्यांत अकरा सरळ निघाल्या आणि एक, माझी, वाकडी. एका कुळाची खूण ओळखणारी तुझी अँटीबॉडी माझ्या नळीत दुसऱ्याच कुळाच्या पेशींना जाऊन चिकटली, आणि त्या पेशीही जरुरीपेक्षा फार जास्त, सगळ्या एकाच चेहऱ्याच्या. अशी गर्दी निरोगी माणसात नसते, एवढं लिहून तू ती ओळ तोडली आहेस. पुढे आजाराचं नाव लिहिलं नाहीस. हे चार महिने तू कोणाजवळ बोलली नाहीस, आणि ते ‘सहज’ याच्यासाठी होतं, बाकी दोघांचं रक्त नुसतं जोडीला.

आणि आता दुसरीकडून उसन्या आणलेल्या थोड्या अँटीबॉडीने पाहिलेली नवी नळी चोख. इतकी चोख की माझे आणि सहदेवचे आकडे जुळ्या भावांसारखे निघाले, तू गमतीने लिहिलंस. म्हणून तुझ्या प्रयोगशाळेच्या बाईंनी ठरवलं की दोष माझ्यात नव्हता, अँटीबॉडीच्या त्या जुन्या बाटलीत होता. ती विमानतळावर अडकून पडली होती, उन्हात खराब झाली असेल. किंवा तुझा हात चुकला असेल. तेव्हा त्या बाटलीवर केलेलं सगळं काम टाकून द्यायचं, नवी बाटली मागवायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाकीच्या अकरा माणसांचं रक्तही वाया. आणि त्याच्या खाली तू लिहिलंस, दादा, वर्ष गेलं तर जाऊ दे, तू धड आहेस ना, आज कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

मी तुला ‘जेवत जा’ असं दर पत्रात लिहितो. तू जेवलीस हे वाचून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. पुढचं जे लिहायचं आहे ते याच ओळीमुळे लिहवत नव्हतं.

मी पत्राची घडी केली आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या बुधवारी मी घरी नव्हतो.

झालं असं, की मंगळवारी संध्याकाळी शाळेत हुकूम आला, शिक्षकांचं शिबिर, देऊळगाव राजाला, उद्यापासून तीन दिवस, गैरहजर राहील त्याला उत्तर द्यावं लागेल. पहाटेच्या गाडीने गेलो. जाताना चांगुणाला सांगितलं की महादेवराव येतील, त्यांना तुमच्या दोघांचं द्या आणि माझं पुढच्या वेळी म्हणा. शुक्रवारी परत आलो, विचारलं, तर ती म्हणाली, दिलं पाठवून. आणि गाईला पाणी दाखवायला गेली. मी शिबिराच्या कंटाळ्यात होतो, पुढे काही विचारलं नाही.

मग माझ्या नावाची नळी कुठून आली?

तू म्हणशील, मास्तर माणूस, दोन आणि दोन चार करता येत नाहीत का? करता येत होते, पण मी केले नाहीत. मी मनाशी कितीतरी युक्त्या लढवल्या. दिवाळीचंच थोडं रक्त तू कुठे जपून ठेवलं असेल आणि आता तेच चांगल्या बाटलीने पुन्हा पाहिलं असेल. किंवा लिहिण्याच्या घाईत सहदेव लिहायचं ते दयाराम लिहिलं असेल. शास्त्रात असं काहीतरी करत असतीलच, मला काय कळतं, मी चौथीला शिकवतो. कसंही असो, माझं रक्त चोख आहे असं मुंबईहून लेखी आलं आहे, आणि मुंबईचं कोण खोडून काढणार? शनिवार आणि रविवार मी निरोगी माणूस होतो, सिंधू. मफलर काढून खुंटीला टांगला. संध्याकाळी बाजारातून जिलेबी आणली. गल्लीतल्या त्या बारांपैकी जे भेटले त्यांना दिली, पुंजाजीलाही दिली.

सहदेवने पोटभर खाल्ली. चांगुणाने ताट पुढ्यात घेतलं आणि तशीच बसली. तिला जिलेबी किती आवडते ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, काऊन, उंदीर आठवला का? ती हसली नाही. सोमवारी सकाळी पाहिलं तर तिच्या वाट्याची जिलेबी फडताळात तशीच, मुंग्या लागलेल्या. मी चिडलो. म्हटलं, नवरा धड आहे असं कळल्यावर बायका साखर वाटतात आणि तू तोंड पाडून काय फिरतेस?

तेव्हा ती चुलीपुढून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘तुमी ज्याच्यासाठी जिलेबी आणली ते रक्त तुमचं नव्हतं,’ ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. त्या सकाळी महादेवराव आले, तिचं घेतलं, सहदेवचं घेतलं, आणि तिसरी नळी उरली. तीच म्हणाली, ह्यांच्या नावाची पण भरून घ्या, भाऊजी बसले आहेत. सहदेवने दुसरा हात पुढे केला. महादेवराव क्षणभर थांबले म्हणे, पण त्यांची जालन्याची गाडी व्हायची होती. आणि त्यांचाही जन्म दवाखान्यात गेला. तिथे घरातला एक माणूस केसपेपर घेऊन येतो आणि सगळ्या घराच्या गोळ्या घेऊन जातो, कोणाचा ताप, कोणाचा खोकला, कोणी विचारत नाही. त्यांनी पट्टीवर दयाराम लिहिलं. सिंधूबाईला तेवढं कळवून टाका, म्हणाले. कळवायचं कोणी? चांगुणाला लिहिता येत नाही आणि सहदेवला लिहायचा कंटाळा.

मी विचारलं, काऊन केलं असं? तर ती माझ्यावरच उलटली.

‘एका सुईनं तुमी अर्धे झाले,’ ती म्हणाली. ‘दुसरी मी टोचू देणार नव्हती. सिंधूबाईले नाही म्हणता येत नाही आणि तुमाले वाचवायचं होतं. मंग मी काय करू?’

मी सहदेवला वावरातून बोलावून आणलं. त्याला वाटलं गाय व्याली. मी त्याच्यावर ओरडलो, अक्कल गहाण टाकली का, बे, दुसऱ्याच्या नावाने रक्त देतात का? तो मान खाली घालून उभा राहिला, आणि मग बोलला.

‘दादा, तुह्या नावानं मी लग्नाले जातो, मातीले जातो, राशनच्या लायनीत उभा राह्यतो,’ तो म्हणाला. ‘तवा कोणी मले म्हणत नाही का तू दयाराम नाहीस. एकाच मायच्या पोटचे आपण. मंग रक्तालेच काय झालं?’

आता याला मी काय समजावू? त्याचं सगळं बरोबरच आहे. आपल्याकडे घरटी एक माणूस गेला की सगळं घर गेलं असं धरतात. माझ्या शाळेमुळे गेली कितीतरी वर्षं प्रत्येक ठिकाणी तोच गेला, आणि गावाने कधी नाव ठेवलं नाही. त्या एका नळीपाशीच हा हिशेब चालत नाही, हे त्याला कसं कळावं? मलाही ते तुझं पत्र चौथ्यांदा वाचल्यावर कळलं. तुझ्या वासराला दादा आणि सहदेव यांतला फरक कळतो, आमच्या घराला कळत नाही.

तर हे असं आहे. दिवाळीची नळी माझी होती. ती तू स्वतःच्या हाताने भरलीस, नाव तू लिहिलंस. मार्चमधल्या दोन नळ्या एकट्या सहदेवच्या, एक डाव्या हातातली आणि एक उजव्या. म्हणून ते आकडे जुळे निघाले.

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. विहिरीपर्यंत जाऊन आलो. आता परत बसलो आहे.

खोटं कशाला बोलू, सोमवारपासून आजपर्यंत मी काही ठरवू शकलो नव्हतो. एकदा वाटायचं, सांगूच नये. तुझी झोप परत आली आहे, तू जेवू लागली आहेस. चांगुणाला दम दिला की ती मरेपर्यंत बोलणार नाही. चौदा एप्रिलला तू जयंतीला येशील, मला पाहशील, हसशील. पोरीचं मॅट्रिक होईल, मग तिचं पुढचं बघता येईल. तुझी नवी बाटली आली की तुझं कामही होईल, वर्ष उशिरा का होईना. मग वाटायचं, आणि ती जुनी बाटली खराब नव्हतीच तर? मग तू आयुष्यभर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाहीस. पुन्हा कुठे एखाद्या माणसाच्या नळीत असं वाकडं दिसलं तर म्हणशील, माझाच हात चुकला असेल, मागे नव्हता का चुकला. आणि तो माणूस निरोगी म्हणून घरी जाईल.

मग पुन्हा वाटायचं, जाऊ दे ना. तो माणूस कोण कुठला, मला काय त्याचं? असा मी झालो होतो. एक दिवस वर्गात हजेरी घेताना तेच नाव दोनदा पुकारलं आणि पोरगा दोनदा उभा राहिला.

आता मफलरचं सांगतो. ते मागच्या पत्रात मी थंडीवर ढकललं होतं. दुपारी पंख्याखाली बसूनही मी मफलर काढत नव्हतो, थंडी कसली. माझ्या मानेला दोन्ही बाजूंनी गाठी आहेत. पोळ्याच्या सुमारास पहिली लागली, दाढी करताना. दुखत नाही, म्हणून सोडून दिली. मग आणखी आल्या. काखेतही आहेत. दिवाळीत तू आलीस तेव्हा होत्या, पण ती डॉक्टर नाही, रक्तातलं शिकते, तिला कशाला दाखवायच्या, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर तू पाहशील याचीच धास्ती होती. तू सगळ्यांमध्ये मला धडधाकट म्हणून बसवलंस आणि मी ऐटीत हात पुढे केला. चांगुणाला गाठी माहीत होत्या. तिला वाटलं सुईने वाढल्या. मला वाटायचं जातील. शनिवारी-रविवारी मफलर काढून फिरलो तेव्हा तर वाटलं, गेल्याच. हात लावून पाहिलं नाही.

तेव्हा तुझ्या बाईंना सांग की बाटली चांगली होती. तुझा हातही चांगला होता. वासरू चुकलं नव्हतं, माझ्या रक्तातल्या गाईच तशा आहेत. अकरा जणांचे आकडे टाकू नका, ती माणसं पहाटे उपाशीपोटी आली होती आणि मी जिलेबी देताना प्रत्येकाने विचारलं की मास्तर, आमचं कसं निघालं? त्यांना मला उत्तर द्यायचं आहे. बारावं कसं निघालं तेही बाईंना सांग, आणि ते कुणाचं आहे तेही सांग.

आजवर तुला सगळं शाळेच्या मराठीत लिहिलं, हाताला तीच सवय आहे. एक गोष्ट तशी लिहिता येत नाही. मले भेव वाटते, सिंधू. लई भेव वाटते. तू ज्याचं नाव लिहिलं नाहीस ते मले माहीत आहे, आणि ते बरं होते का नाही ते माहीत नाही. चांगुणाले मी म्हणतो काही नाही होत, आणि माह्याच आवाजावर माह्या भरवसा नाही. तुले काय सांगावं अन काय नाही, हे समजून नाही राह्यलं.

येत्या शुक्रवारी शाळा सुटली की निघतो. जालन्याहून रातराणी मिळाली तर शनिवारी सकाळी तुझ्याजवळ आहे. कोणत्या डॉक्टरला दाखवायचं ते तू ठरवून ठेव, मी काही विचारणार नाही. पण त्याच्याआधी तुझ्या खोलीत मला बसव, बाही वर करतो, सुई तू धर, आणि नाव मी स्वतः सांगेन. आणि ते हिरवं काय दिसतं ते मला एकदा सूक्ष्मदर्शकातून दाखव. कधीपासून अंगात बाळगतो आहे, डोळ्यांनी तरी पाहावं.

चांगुणा माझी पिशवी भरते आहे. तिला मी सांगितलं की सुईचा दोष नव्हता, सुईने फक्त सांगितलं. तिला ते पटलं की नाही कळत नाही. तुझ्यासाठी कुरडया बांधल्या आहेत, त्या मात्र अंगावर ओरडत बांधल्या, म्हणजे ठीक आहे.

सहदेवही येतो म्हणतो. गहू विकायचा पडला आहे, मी नको म्हटलं. तर म्हणतो, ‘माह्यं चोख आहे म्हणते ना सिंधू? मंग दादाले लागन तेवढं काढ म्हणा.’ मी त्याला समजावलं की असं नसतं रे, तुझं घेऊन माझं होत नाही. त्यावर तो म्हणाला, तुले काय माहीत, तिले विचारू. तो काही ऐकणार नाही, तेव्हा दोघांची जागा कर. आणि सिंधू, त्याने विचारलं तर लगेच नाही म्हणू नको. जरा वेळाने म्हण.

तू हे वाचशील तेव्हा आम्ही कदाचित रस्त्यात असू. जेवून घे, मग भेटू.

तुझा, दिवाळीच्या नळीतला,
दादा दयाराम